साक्ष तोलताना : बीडच्या लेकीचा खटला आणि आपण



आजचा विषय कोर्टकचेरीचा वाटेल, पण तो आपल्या घरातलाच आहे. एखाद्या घरात कुणाचा तरी जीव जातो. संशयही घरातल्याच माणसावर असतो आणि साक्ष द्यायला उभे राहतात तेही आईबाप, बहीणभाऊ, मैत्रिणी. अशा वेळी न्यायाधीशाने कुणावर आणि किती विश्वास ठेवायचा? खालच्या कोर्टाने शिक्षा दिल्यावर वरचं कोर्ट तीच साक्ष पुन्हा कशी तोलतं? आणि हे तोलणं आपल्याला, म्हणजे वकील नसलेल्या माणसांना, का यायला हवं?

यासाठी मी दोन खटले निवडले आहेत. पहिला बीडच्या एका मुलीच्या मृत्यूचा आहे. दुसरा एका दरोड्याचा आहे. दोन्ही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. दोन्हींत फाशी झाली होती आणि दोन्हींत शेवटी आरोपी सुटले. त्यामुळे ऐकताना थोडा त्रास होईल. तो व्हायला हवा.

पहिला खटला कायद्याच्या पुस्तकांत ‘शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने आहे. देशातला कायद्याचा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी तो वाचतो. मात्र त्याची मुळं बीडमध्ये आहेत हे बीडच्याही फार थोड्या मुलांना माहीत असतं. मंजुश्री ही बीडच्या एका डॉक्टरांची मुलगी. ११ फेब्रुवारी १९८२ रोजी तिचं लग्न झालं आणि ती पुण्याला सासरी गेली. बरोबर चार महिन्यांनी, ११ आणि १२ जूनच्या मधल्या रात्री, पुण्याच्या फ्लॅटमध्ये ती मरण पावली. मृत्यू पोटॅशियम सायनाइडने झाला होता. सरकार पक्षाचं म्हणणं होतं, नवऱ्याने विष दिलं. बचाव पक्षाचं म्हणणं होतं, तिने आत्महत्या केली.

खोलीत काय घडलं हे पाहणारा कुणीही नव्हता. मग पुरावा काय होता? तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं होती. आणि ती माहेरी बीडला आली तेव्हा काय काय बोलली, हे सांगणारे आईवडील, बहीण आणि मैत्रीण होते. म्हणजे या खटल्यात पुण्याच्या घराची कहाणी बीडच्या माणसांच्या तोंडून कोर्टात पोहोचली.

पुण्याच्या सत्र न्यायालयाने नवऱ्याला फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. न्यायमूर्ती सय्यद मुर्तझा फझल अली, न्यायमूर्ती वरदराजन आणि न्यायमूर्ती सब्यसाची मुखर्जी असं ते खंडपीठ होतं. तिघांनी आपापली मतं स्वतंत्रपणे लिहिली. कारणमीमांसा सगळी सारखी नव्हती, पण निष्कर्ष एक होता. मृत्यूपासून अंतिम निकालापर्यंत जेमतेम पंचवीस महिने लागले. आज हे वेगाचं उदाहरण म्हणूनही सांगावं लागेल.

हा निकाल समाजाला सहज पचला नाही. पुण्यात त्या काळी नारी समता मंच उभा राहत होता. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मी एक मंजुश्री’ या नावाचं प्रदर्शन लोकांपुढे नेलं. सासरी होणारे मृत्यू ही घरातली खासगी बाब नाही, हे त्या बायकांनी महाराष्ट्राला ठणकावून सांगितलं. सासरच्या छळासाठीचं कलम ४९८-अ १९८३ मध्ये कायद्यात आलं आणि हुंडाबळीचं ३०४-ब १९८६ मध्ये. मंजुश्री गेली तेव्हा यातलं काहीच नव्हतं. तेव्हा त्या आंदोलनाचं ऋण मान्य करूनच मी पुढे बोलतो आहे. प्रश्न असा आहे की, आंदोलन बरोबर असेल आणि सुटकाही बरोबर असेल, असं होऊ शकतं का? मला वाटतं, होऊ शकतं. आणि ते समजण्यासाठी साक्ष कशी तोलतात हे पाहावं लागतं.

सुरुवात नातेवाइकांपासून करू. आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, “घरचीच माणसं आहेत, ती आपल्याच बाजूने बोलणार.” कायदा असं म्हणत नाही. १९५३ सालचा दलीप सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा निकाल बघा. त्यात खून झालेल्या माणसाची बायको आणि मुलगी साक्षीदार होत्या. त्यांच्या साक्षीला दुसरा आधार हवा, असं उच्च न्यायालयाचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती विवियन बोस यांनी ते मानलं नाही. बोस हे आधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. त्यांनी स्पष्ट केलं की, सात पुरुषांचं भवितव्य दोन स्त्रियांच्या शब्दावर अवलंबून आहे म्हणून तो शब्द कमी मोलाचा ठरवावा, असा कोणताही नियम आपल्या कायद्यात नाही. आणि नात्याचं म्हणाल तर, ज्याचं माणूस गेलं आहे तो खऱ्या खुन्याला वाचवून भलत्यालाच कशाला अडकवेल?

मुलींनो, हे तुम्ही नीट लक्षात ठेवा. एका पुरुषाच्या जागी दोन स्त्रिया, असली मोजणी भारताच्या फौजदारी न्यायालयात नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १३४ मध्ये साफ लिहिलं होतं की, कोणतीही गोष्ट सिद्ध करायला साक्षीदारांची ठरावीक संख्या लागत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला, त्यात हाच नियम कलम १३९ मध्ये आहे. १९५७ च्या वडिवेलू थेवर निकालात सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदारांचे तीन प्रकार सांगितले. पहिला पूर्ण विश्वासार्ह. तो एकटा असला तरी त्याच्या शब्दावर शिक्षा होऊ शकते. दुसरा पूर्ण अविश्वासार्ह. असे दहा असले तरी उपयोग नाही. तिसरा मधला, ना पूर्ण खरा ना पूर्ण खोटा. त्याच्या साक्षीला इतर पुराव्याचा टेकू लागतो. खरी कसोटी या तिसऱ्या प्रकारात लागते, कारण बहुतेक माणसं तिथेच असतात.

१९६४ च्या मसालती निकालात सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनीही असाच इशारा दिला. साक्षीदार एका गटाचा आहे, एवढ्यावरून त्याची साक्ष यांत्रिकपणे फेकून देता येत नाही. फक्त ती जपून तपासावी लागते. गावात दोन गट असतील तर भांडण पाहणारे लोक त्या दोन गटांतलेच असणार. तिसरा तटस्थ माणूस आणायचा कुठून?

पण न्यायमूर्ती बोस यांनीच नाण्याची दुसरी बाजूही सांगितली होती. मनं पेटलेली असतात, जुनं वैर असतं, तेव्हा गुन्हेगाराबरोबर एखाद्या निरपराध माणसालाही ओढण्याकडे कल होतो. इथे बीडचा खटला महत्त्वाचा ठरतो. न्यायमूर्ती फझल अलींनी जे लिहिलं त्याचा आशय असा आहे. मृत मुलीवर ज्यांची जिवापाड माया होती, ती माणसं सांगताना गोष्ट वाढवून सांगण्याचा संभव असतो. तिने न बोललेलंही त्यात मिसळू शकतं. ती हे मुद्दाम करतात असं नाही. त्यांना कळतही नाही. मायेतूनच संशयिताबद्दल मनात द्वेष तयार होतो आणि आठवण त्या द्वेषाच्या रंगात भिजून बाहेर येते. म्हणून अशी साक्ष फार काळजीने तपासली पाहिजे.

बघा, न्यायालयाने त्या घरच्यांना खोटारडं म्हटलेलं नाही. आपल्याला मात्र दोनच खाने माहीत असतात. साक्षीदार एक तर सच्चा, नाही तर बिकाऊ. प्रामाणिक माणूसही चुकू शकतो, हा तिसरा खाना आपण रिकामाच ठेवतो. लेक गेल्यावर आई मागचे चार महिने मनात पुन्हा पुन्हा उगाळते. “त्या दिवशी ती गप्प होती” याचं “त्या दिवशी ती घाबरली होती” होतं. आणि काही महिन्यांनी कोर्टात ते “तिने मला भीती वाटते असं सांगितलं होतं” असं बाहेर पडतं. यात खोटेपणा कुठे आहे? पण समोर उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्यात फास आहे. तेव्हा ‘गप्प होती’ आणि ‘सांगितलं होतं’ यांतलं अंतर मोजावंच लागतं. ही आई मी समजावण्यासाठी उभी केली आहे, त्या खटल्यातली नव्हे.

हे अंतर मोजायचं कसं? त्या खटल्यात एक माप हातात होतं, ते म्हणजे पत्रं. मेलेल्या माणसाचं बोलणं एरवी ऐकीव पुरावा ठरलं असतं. पण आपल्या कायद्यात, तेव्हाच्या कलम ३२ मध्ये आणि आता कलम २६ मध्ये, मृत्यूचं कारण हाच प्रश्न असेल तर मृत्यूकडे नेणाऱ्या परिस्थितीबद्दल त्या व्यक्तीने जे सांगितलं किंवा लिहिलं ते पुरावा होऊ शकतं. अडचण अशी की, तिची उलटतपासणी घेता येत नाही. म्हणून तिचं बोलणं जो सांगतो आहे त्याला दोनदा तपासावं लागतं. एक, ती असं बोलली का? दोन, ती हे असंच बोलली का? पत्र मात्र तिच्याच हातचं, ती जिवंत असतानाचं, पुढे खटला होईल याची कल्पना नसतानाचं असतं. न्यायालयाने तोंडी साक्ष पत्रांशेजारी ठेवून पाहिली. पत्रांत एकटेपणा दिसत होता, नवऱ्याच्या वागण्याचं दुःख दिसत होतं, एक हळवं आणि कोंडलेलं मन दिसत होतं. आणि तेच मन पाहून न्यायालय म्हणालं की, आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही.

दुसरा मुद्दा विषाचा. विष देऊन खून केला असं म्हणायचं, तर चार गोष्टी दाखवाव्या लागतात. हेतू होता, मृत्यू विषानेच झाला, ते विष आरोपीच्या ताब्यात होतं, आणि ते देण्याची संधी त्याला होती. सायनाइड आरोपीच्या ताब्यात असल्याचा पुरावा आला नाही. तिसरा मुद्दा ऐकून घेण्याचा. आरोपीविरुद्ध जी जी परिस्थिती वापरायची, ती त्याच्यापुढे ठेवून त्याचं म्हणणं विचारावं लागतं. तेव्हा हे कलम ३१३ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेत ३५१ आहे. काही गोष्टी त्याला विचारल्याच गेल्या नव्हत्या, म्हणून त्या तराजूतून काढून टाकाव्या लागल्या.

यातूनच न्यायमूर्ती फझल अलींनी परिस्थितिजन्य पुराव्याचे पाच नियम मांडले. त्यांना त्यांनीच ‘पंचशील’ म्हटलं. साध्या भाषेत सांगायचं तर, प्रत्येक दुवा पक्का सिद्ध झालेला हवा. सगळे दुवे फक्त आरोपीच्या दोषाकडेच जायला हवेत. ते निर्णायक स्वरूपाचे हवेत. दुसरी प्रत्येक वाजवी शक्यता त्यांनी बंद केली पाहिजे. आणि साखळी सलग हवी. पहिल्या नियमासाठी त्यांनी आपल्याच राज्यातल्या एका जुन्या निकालाचा, १९७३ च्या शिवाजी साहेबराव बोबडे खटल्याचा, आधार घेतला. ‘केलं असेल’ आणि ‘केलंच असलं पाहिजे’ यांत फार लांबचं अंतर आहे, हे त्या निकालाचं सार. आरोपी खोटं बोलला तरी ते खोटं तुटलेली साखळी जोडू शकत नाही, हेही सारडा निकालाने सांगितलं.

आता पुन्हा मघाच्या प्रश्नाकडे येतो. मंजुश्रीचं दुःख खरं होतं. ते पत्रांत आहे आणि न्यायालयानेही ते वाचलं. सासरी एकटी पडलेल्या मुलीची हाक समाजाने ऐकायला हवी होती, हे आंदोलनाचं म्हणणं खरंच आहे. पण दुःख सिद्ध होणं आणि खून सिद्ध होणं या दोन गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरीवर उडी मारता येत नाही. आंदोलनाने कायदा बदलायला लावला, तो योग्य रस्ता होता. पुरावा अपुरा असताना एका माणसाला फासावर देणं हा तो रस्ता नव्हता.

अपील म्हणजे नेमकं काय, हेही थोडं समजून घेऊ. बीडच्या सत्र न्यायालयात साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो. न्यायाधीश त्याचा चेहरा बघतात, कुठल्या प्रश्नाला तो अडखळला ते बघतात. निकालाविरुद्ध अपील छत्रपती संभाजीनगरला, उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जातं. तिथे साक्षीदार नसतो, त्याच्या साक्षीचा कागद असतो. दिल्लीला तोच कागद इंग्रजी अनुवादात वाचला जातो. म्हणून चेहरा पाहिलेल्या न्यायाधीशाच्या मताला वरचं कोर्ट मान देतं. पण आंधळा मान देत नाही. पुरावा पहिल्यापासून पुन्हा वाचून स्वतःचं मत बनवणं हे पहिल्या अपिलातल्या न्यायालयाचं कर्तव्यच असतं. उलट खालच्या कोर्टाने सोडलेल्या माणसाला शिक्षा करायची असेल, तर हात आणखी आखडता घ्यावा लागतो. कारण निर्दोषत्वाचं गृहीतक त्याच्या बाजूने आता दुप्पट झालेलं असतं. २००७ च्या चंद्रप्पा निकालात हे नीट सांगितलं आहे.

कागद वाचताना न्यायाधीश काय शोधतात? पोलिसांना दिलेला पहिला जबाब आणि कोर्टातली साक्ष जुळते का? मोठी गोष्ट आधी सांगितलीच नव्हती आणि कोर्टात अचानक आली, असं झालंय का? साक्ष वैद्यकीय पुराव्याशी, वेळेशी, जागेशी बसते का? किती दिवसांनी हा माणूस बोलला, आणि उशीर का झाला? पण छोट्या तफावतींना न्यायालय डोक्यावर घेत नाही. १९८३ च्या गुजरातमधल्या भरवाडा निकालात म्हटलं आहे की, माणसाच्या डोक्यात काही चित्रफीत नसते. साडीचा रंग, घड्याळातली मिनिटं, कोण डावीकडे आणि कोण उजवीकडे, हे चुकणारच. उलट चार साक्षीदार एकच वाक्य पाठ केल्यासारखं बोलले, तर शंका घ्यायला जागा असते. आणि एक गोष्ट खोटी निघाली म्हणून साक्ष सगळीच खोटी, हा नियमही आपल्याकडे नाही. न्यायाधीशाला भूस आणि दाणे वेगळे करावे लागतात.

आता दुसरा खटला. ५ जून २००३ ची रात्र. शेतातली वस्ती. दरोडेखोर आले. एका कुटुंबातल्या पाच जणांचा खून झाला आणि स्त्रियांवर अत्याचार झाले. घरातली आई आणि एक मुलगा जखमी अवस्थेत वाचले. इथे प्रत्यक्ष पाहणारे साक्षीदार होते, आणि त्यांच्याइतकी सहानुभूती कुणाला मिळावी? भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांवर खटला चालला. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. त्यातला एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढे निष्पन्न झालं.

मग फेरविचार झाला आणि अपिलं नव्याने ऐकली गेली. ५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती सिक्री, न्यायमूर्ती अब्दुल नझीर आणि न्यायमूर्ती शहा यांच्या खंडपीठाने सहाही जणांना निर्दोष ठरवलं. कारण काय? घटनेनंतर लगेच त्या जखमी आईने पोलिसांकडच्या फोटोंमधून चार माणसं ओळखली होती. ती चार माणसं या सहांमधली नव्हती. त्या चौघांना अटक झाली नाही, त्यांचा तपास झाला नाही, आणि सरकार पक्षाने ही बाब दडवली, असं न्यायालयाने नोंदवलं. सोळा वर्षं तुरुंगात गेली होती. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं.

या दोन खटल्यांत फरक आहे, तो बघा. बीडच्या खटल्यात माया साक्षीला थोडं ओढून नेते की काय, ही शंका होती. दरोड्याच्या खटल्यात त्या आईचा पहिला शब्दच बाजूला ठेवला गेला. म्हणजे साक्षीदाराचं चुकणं वेगळं आणि यंत्रणेने साक्ष वाकवणं वेगळं. दुसऱ्यात साक्षीदारही बळीच असतो. तिच्या घरातली पाच माणसं गेली आणि तिला न्यायही मिळाला नाही. निर्दोषांना शिक्षा झाली की खरे गुन्हेगार मोकळे राहतात, हे आपण विसरतो.

आणि हेच सहा जण का सापडले? याचं उत्तर निकालात शोधण्यापेक्षा आपल्या नजरेत शोधू. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिशांनी अख्ख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण शिक्का गेला नाही. बीड जिल्ह्यात कुठे चोरी झाली तर पहिली नजर कुठल्या पालावर जाते, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. ‘अशीच माणसं करतात’ हे वाक्य आधी मनात तयार असलं की, साक्ष कितीही कच्ची असली तरी पुरेशी वाटते.

हे वाक्य आपल्याबद्दलही बोललं जातं. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यात बारा जणांना शिक्षा झाली होती, त्यात पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं. त्यात टॅक्सीचालकांच्या साक्षीचा मुद्दा होता. शंभराहून अधिक दिवस गप्प राहिल्यावर एका प्रवाशाचा चेहरा त्यांना नेमका कसा आठवला, असा प्रश्न न्यायालयाला पडला. राज्य सरकार या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. त्या दिवशी आपल्या मोहल्ल्यांत लोक म्हणाले, “बघा, साक्ष नीट तपासली तर काय निघतं!” बरोबर आहे. पण मला तुम्हाला एक विचारायचं आहे. हाच बारीक तराजू आपण पारध्याच्या पोरासाठी मागितला का? आणि आपल्या गल्लीत एखादी सून जळाली, तेव्हा तिच्या आईची साक्ष आपण कोणत्या तराजूत घातली?

कारण तिथे आपलं वागणं उलटं असतं. तिथे जमातीतले चार बुजुर्ग बसतात. “घरची इज्जत आहे, मुलं लहान आहेत, कोर्टात कशाला?” असं म्हणतात. शेजारची खाला, जिने रात्री आरडाओरडा ऐकला, तिला कुणीतरी सांगतं, “तुम्ही झोपला होतात म्हणा.” आणि ती फितूर होते. फितूर साक्षीदार म्हणजे दरवेळी पैसे खाल्लेला माणूस नव्हे. बऱ्याचदा तो बिरादरीच्या दबावाने मोडलेला माणूस असतो. आपल्या घरात लहानपणापासून शिकवतात की गवाही ही अमानत आहे, ती आईबापाविरुद्ध, नातलगांविरुद्ध, स्वतःविरुद्ध जात असली तरी द्यायची असते. ही शिकवण आपण भाषणात वापरतो. तालुक्याच्या कोर्टातून समन्स आलं की ती गुंडाळून ठेवतो.

मग आपण काय करायचं? चार गोष्टी सांगतो.

पहिली, डोळ्यांसमोर काही घडलं, तर ते लवकर आणि नेमकं सांगा. जे पाहिलं ते ‘पाहिलं’ म्हणा, जे ऐकलं ते ‘ऐकलं’ म्हणा, जे वाटलं ते ‘वाटलं’ म्हणा. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ असं म्हणायला लाजू नका. केस मजबूत व्हावी म्हणून कुणी एक वाक्य जास्त घालायला सांगितलं, तर घालू नका. अपिलात पहिल्यांदा तेच वाक्य पकडलं जातं आणि त्याच्याबरोबर तुमच्या खऱ्या वाक्यांवरचाही भरवसा डळमळतो.

दुसरी, कागद जपा. बहीण किंवा मैत्रीण सासरच्या त्रासाबद्दल मेसेज पाठवत असेल, तर ते पुसू नका. तिच्या आवाजातली रेकॉर्डिंग तारखेसह ठेवा. १९८२ मध्ये पत्रं होती, आज फोन आहे. आणि त्याहून महत्त्वाचं, ते मेसेज तिच्या मृत्यूनंतर कोर्टाने वाचण्याची वाट बघू नका. ती जिवंत असताना तिला घरी आणा. ‘जुळवून घे’ म्हणून परत पाठवू नका.

तिसरी, साक्षीदाराच्या पाठीशी उभे राहा. आपल्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. समन्स गावात येतं तेव्हा साक्षीदार दूर कुठल्यातरी कारखान्याच्या कोपीवर असतो. मुकादमाची उचल अंगावर असते आणि एका तारखेला यायचं तर मजुरी बुडते. अशा माणसाला तारीख कळवणं, गाडीभाड्याची सोय करणं, सोबत जाणं, हे काम तुमच्यासारखी मुलं करू शकतात. फक्त काय बोलायचं ते त्याला शिकवू नका. धमकी येत असेल तर संरक्षण मागता येतं. महाराष्ट्राचा साक्षीदार संरक्षण कायदा २०१७ चा आहे. २०१८ मध्ये महेंदर चावला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी साक्षीदार संरक्षण योजना लागू केली. त्यानुसार जिल्हा पातळीवर अर्ज करता येतो.

चौथी गोष्ट सगळ्यात अवघड आहे. गावात खून झाला की संध्याकाळपर्यंत मोबाइलवर निकाल लागलेला असतो. आरोपीची जात, धर्म, जुना फोटो, आणि ‘फाशी द्या’. हा मेसेज पुढे ढकलण्याआधी दोन प्रश्न विचारा. हे कुणी पाहिलं? आणि आरोपी माझ्या समाजाचा असता, तर एवढ्याच पुराव्यावर मी हे मानलं असतं का? मृत व्यक्ती माझ्या समाजाची आहे की नाही, यावरूनही आपला आवाज चढतो आणि उतरतो. तोही तपासा.

शंकेचा फायदा आरोपीला मिळतो, ही कोर्टाची मेहरबानी नाही. ती आपण सगळ्यांनी मिळून मान्य केलेली किंमत आहे. कधी कधी खरा गुन्हेगारही त्यातून सुटतो आणि एखाद्या आईला आयुष्यभर उत्तर मिळत नाही. ती किंमत कमी करायची असेल, तर रस्ता एकच आहे. तपास पहिल्या दिवसापासून प्रामाणिक व्हायला हवा आणि साक्षीदार निर्भय व्हायला हवा. तराजू हलका करून ते होणार नाही. तपासावर लक्ष ठेवणं नागरिकांच्या संघटनांचं काम आहे. निर्भय साक्षीदार मात्र घरात आणि मोहल्ल्यात घडतो. पुढच्या वेळी कुठल्या दारावर समन्स येईल, तेव्हा त्या घरात जाऊन सांगा, “तुम्ही जे पाहिलं तेवढंच सांगा. आम्ही सोबत येतो.”